विजूताईंचे फाटे

परवा विम्याच्या क्लेमसाठी मला फोनवर एक व्हिडिओ बघायला लावला. हल्ली असले व्हिडिओ सगळीकडे झालेत. मध्येच चित्र थांबतं, खाली तीन चौकोन येतात, आपण एकावर बोट ठेवायचं आणि गोष्ट त्या बाजूने पुढे जाते. मी 'माझी तक्रार आहे' या चौकोनावर बोट ठेवलं. गोड चेहऱ्याची एक मुलगी आली, माझं म्हणणं त्यांच्यासाठी किती मोलाचं आहे ते तिने हसून सांगितलं आणि मला परत त्याच तीन चौकोनांपुढे आणून सोडलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं आणि घरात कोणी नसताना मी त्या मुलीला मोठ्याने विचारलं, "हाऊ रस्ता कोठे जास, माले सांग."

मी अहिराणी बोलणाऱ्यांतला नाही, माझा सगळा जन्म नाशिक शहरात गेला. हे वाक्य विजूताई देवरेंचं. हा रस्ता कुठे जातो, मला सांग. आमच्या स्टुडिओत त्यांनी ते इतक्यांदा आणि इतक्या तावातावाने विचारलं होतं, की आता मला राग आला की तो त्यांच्याच भाषेत येतो.

स्टुडिओ नाशिकमध्येच, द्वारकेला, टायरच्या दुकानाच्या वर. खाली दिवसभर ट्रकचे हॉर्न, त्यामुळे आवाज रेकॉर्ड करायचा म्हणजे खिडक्यांना गाद्या लावाव्या लागत. आम्ही असेच निवड करायचे व्हिडिओ बनवायचो, कारखान्यांसाठी, शाळांसाठी, खेड्यांत काम करणाऱ्या संस्थांसाठी. मी स्क्रिप्ट लिहायचो. पण असली गोष्ट नुसती लिहून भागत नाही. बघणारा कुठे वळेल, वळला तर कुठे पोचेल, तिथून परत येता येईल का, याचा आधी नकाशा करावा लागतो. तो नकाशा विजूताईंकडे होता.

त्या सटाण्याच्या. वडील एसटीत ड्रायव्हर. घरात शब्द होते ते गाडीचे, आणि तेच त्यांनी ऑफिसात आणले. जिथे निवड करायची तो फाटा. जिथे गोष्ट संपते तो मुक्काम. चौकोनावर जे लिहायचं ती पाटी. नवी मुलं इंग्रजी शब्द घेऊन यायची आणि महिनाभरात फाटा आणि मुक्काम म्हणायला लागायची, कारण दुसरं काही म्हटलं तर विजूताई ऐकू न आल्यासारखं करायच्या. "पाटी लावली की गाडी तिथं गेली पाहिजे," असं वडील म्हणायचे म्हणे. गाडी जाणार नसेल तर पाटी काढायची, माणसाला स्टँडवर ताटकळत ठेवायचं नाही. एवढीच त्यांची विद्या होती, आणि ती घेऊन त्या साऱ्या जगाशी भांडायच्या.

नकाशा कॉम्प्युटरवर चौकटी आणि बाण काढून होतो. आमच्याकडे तो आधी गच्चीवर व्हायचा. विजूताई खडूंचा डबा घेऊन वर जायच्या, साडीचा पदर खोचायच्या आणि पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या दारापर्यंत सगळी गच्ची फाट्यांनी भरून टाकायच्या. मग ऑफिसातल्या सगळ्यांना वर बोलवायचं. अकाउंट्सवाल्या मॅडमसुद्धा सुटायच्या नाहीत. प्रत्येकाने सुरुवातीच्या गोलात उभं राहायचं आणि चालायला लागायचं. फाट्यावर थांबायचं, पाटी वाचायची, खरं काय कराल ते मनाशी ठरवायचं आणि वळायचं. चुकीचा मुक्काम लागला तर तिथेच उभं राहायचं, ऊन असो नाहीतर काही असो. कोणी रेंगाळलं की त्या पाठीला हात लावून पुढे ढकलायच्या. संध्याकाळी आमच्या सगळ्यांच्या शर्टांवर, कपांवर, दाराच्या कड्यांवर त्यांच्या बोटांचे पांढरे ठसे असायचे.

"कागदावर सगळे रस्ते बरे दिसतात," त्या म्हणायच्या. "पाय ठेवला की कळतं."

आमचे मालक हेमंत सर. माणूस वाईट नव्हता, पण मीटिंगमध्ये घड्याळ बघायचा. "ताई, आता आणखी फाटे फोडू नका," हे त्यांचं वाक्य. त्यावर विजूताई शांतपणे म्हणायच्या, "त्याचाच पगार देता ना मला?" आणि पुढचा फाटा फोडायच्या.

त्यांच्या रागाला पायऱ्या होत्या. साध्या रागात त्या शहरी मराठी सोडून अहिराणीत जायच्या, आणि आम्ही निश्चिंत असायचो. खरा राग आला की त्या परत मराठीत यायच्या, हळू आणि स्वच्छ. ते दोनतीनदाच ऐकलं. त्या वेळी खोलीत बसवत नसे.

मी नवा असताना हरसूलकडच्या पाड्यांसाठी साप चावल्यावर काय करावं याचा व्हिडिओ आला. मी लिहिलं होतं, घरातला माणूस साप चावून पडला आहे, तुम्ही काय कराल? घरीच झाडपाला लावाल, भगताकडे न्याल, की दवाखान्यात न्याल? दवाखान्यावर बोट ठेवलं की पुढच्या चित्रात माणूस खाटेवर, सलाईन लागलेलं, बायको डोळे पुसते आहे. मला ते चित्र फार आवडलं होतं. विजूताई गच्चीवर त्या फाट्यापाशी गेल्या आणि थांबल्या.

"काय लेखकराव, पेशंट उडत गेला का?"

मी म्हटलं, "ताई, मधलं गृहीत धरलंय."

"कोणी धरलंय? तू? तुला चावलाय साप?" मग आवाज चढला. "पाड्यावरून दवाखान्यापर्यंत हाऊ रस्ता कोठे जास, माले सांग."

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात आल्याच नाहीत. आठवडी बाजाराचा दिवस बघून हरसूलला गेल्या होत्या. दिवसभर नागली विकणाऱ्या बायांपाशी बसल्या आणि आल्या त्या तणतणतच. एका बाईने त्यांना सांगितलं होतं, "जीप हाय ना एक पाड्यात. पन बाजाराच्या दिशी ती नसती. बाजाराच्या दिशी कुनी मरायचं नाय." बाई हसली होती म्हणे. ती हसली याचाच विजूताईंना जास्त राग आला होता.

त्या व्हिडिओत मग एक फाटा वाढला. 'दवाखान्यात न्या'च्या पुढे, गाडी कोणाची? आणि तिथे बघणाऱ्यांनी आपल्या पाड्यातल्या माणसांची नावं एकमेकांना सांगून ठरवायची, कोणत्या दिवशी कोणाची गाडी, बाजाराच्या दिवशी कोणाची मोटारसायकल. संस्थेने ते मान्य केलं. माझं सलाईनचं चित्र खूप मागे गेलं. मला तेव्हा राग आला होता, आता त्या चित्राचा येतो.

'मागे जा' या बटणावरूनही त्या भांडायच्या. सगळ्या कंपन्यांना ते प्रत्येक ठिकाणी हवं असतं. विजूताई ते जिथे माणसाला खरोखर मागे येता येतं तिथेच ठेवायच्या. दुकानातून परत येता येतं, ठेवा. फवारणीचं औषध पोटात गेलं, तिथून मागे कुठे जाता? तिथे बटण नाही. चांदवडच्या एका शेतकऱ्याने कांद्याच्या फवारणीचा व्हिडिओ बघताना ते बटण शोधलं, सापडलं नाही म्हणून तो चिडला. विजूताई त्याला म्हणाल्या, "चिडा. बरोबर आहे." आणि त्याला चहा पाजला.

मग प्रेसचं काम आलं. अंबडच्या बाजूचा पत्र्याचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना, नाव सांगण्यात अर्थ नाही. तिथे पॉवर प्रेसवर पत्रा दाबून आकार काढतात. प्रेसला पुढे जाळीचं गार्ड असतं, हात आत जाऊ नये म्हणून. गार्ड असलं की काम जरा सावकाश होतं. माल लवकर हवा असला की गार्ड काढतात. हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कागदावर नसतं. व्हिडिओचा फाटा असा होता, गार्ड काढलेलं आहे, सुपरवायझर म्हणतो चालव, तुम्ही काय कराल? जपून चालवाल, सुपरवायझरला पुन्हा विचाराल, की मशीन चालवायला नकार द्याल? तिसरं बरोबर. कंपनीचे पाटणकर साहेब सेफ्टी आणि ट्रेनिंग बघायचे. तिसरी पाटी त्यांनीच आग्रहाने मागितली होती. ऑडिटला येणाऱ्या माणसांना ती बघायला आवडते, असं ते म्हणाले.

विजूताईंचा नियम होता, नकाशा पक्का करण्याआधी ज्याच्यासाठी तो आहे त्यातला एक माणूस गच्चीवर चालला पाहिजे. शिफ्ट सुटायच्या वेळी त्या कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभ्या राहायच्या आणि माणूस गाठायच्या. या वेळी रामदास गांगुर्डे आला. ठेकेदाराकडून प्रेसवर होता, तिशीतला, बोलायला बिचकणारा. गच्चीवर येताना त्याने जिन्यात चपला काढल्या. विजूताईंनी त्याला पुन्हा घालायला लावल्या, सिमेंट तापलं होतं.

तो फाट्यावर बराच वेळ थांबला. मग तिसऱ्या रस्त्याने चालत टाकीपाशी आला. तिथे खडूने मोठ्या अक्षरात 'शाब्बास' लिहिलं होतं. व्हिडिओत तिथे टाळ्या वाजणार होत्या. गांगुर्डे त्या शब्दावर उभा राहिला, खाली बघितलं, मागे बघितलं.

"ताई, मंग फुडं?"

"पुढे काय?" मी म्हटलं. "झालं. बरोबर उत्तर."

"नाय, तसं नाय. मी म्हनलो चालवत नाय. मंग ते म्हनले, उद्यापासून येऊ नको. तर मी कुठं जाऊ?"

विजूताई टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, गालावर खडू लागला. 'शाब्बास'च्या पुढे टाकीची भिंत होती. मग त्या गांगुर्डेला म्हणाल्या, "तुम्ही बसा. चहा घ्या. हे मी विचारायला पाहिजे होतं."

दुसऱ्या आठवड्यात पाटणकर साहेब कामाची पाहणी करायला आले, तेव्हा विजूताईंनी त्यांना थेट गच्चीवर नेलं. साहेब बुटांनिशी हसत हसत चालले. फोनवर फोटोही काढला. तिसऱ्या रस्त्याने 'शाब्बास'वर पोचले. विजूताई समोर उभ्या राहिल्या, कमरेवर हात.

"मी सुपरवायझर. उद्यापासून येऊ नको. बोला, कोणाकडे जाता?"

"मॅडम, असं होत नाही आमच्याकडे."

"झालं समजा. कोणाकडे जाता?"

"एचआर आहे. पॉलिसी आहे. प्रॉपर चॅनल आहे."

"तो माणूस प्रेसपुढे उभा आहे, साहेब. चॅनलला हात नसतो, फोन नसतो. एक नाव द्या. नकार दिला तर याच्याकडे जा, तुझं काम जाणार नाही, असं सांगणारं एक नाव. मी पाटी लावते."

साहेबांनी हेमंत सरांकडे बघितलं. हेमंत सरांनी घड्याळाकडे.

"नाव व्हिडिओत टाकता येत नाही," साहेब म्हणाले. "माणसं बदलतात."

"मग हा फाटाच काढा," विजूताई म्हणाल्या. "नसलेला रस्ता दाखवायचा नाही. त्याला निदान माहीत तरी असू द्या की रस्ता नाही."

हे मला अजून सुन्न करतं. नकार द्यायचा हक्क व्हिडिओतून काढून टाका, असं ती बाई म्हणत होती, आणि सगळ्या गच्चीवर त्या हक्काची खरी किंमत कळणारी तीच एकटी होती. साहेबांना फाटाही हवा होता आणि नावही नको होतं. त्यांना टाळ्या हव्या होत्या. हेमंत सरांनी टाळ्या दिल्या. मी चांदवडला शूटिंगवर असताना व्हिडिओ कंपनीकडे गेला, शेवटी रंगीत कागद उडतात असं काहीतरीही त्यात घातलं होतं. विजूताईंनी त्यातून आपलं नाव काढायला लावलं. हेमंत सर म्हणाले, "ताई, इतक्या सगळ्यांची घरं चालतात यावर." ते खरं होतं. अशी खरी वाक्यं नेमकी खोटं करताना कशी आठवतात, याचा मला अजून राग आहे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी गांगुर्डे स्टुडिओत आला. अंगावर कंपनीचा शर्ट, हातात जेवणाचा डबा. घरून कामावर जातो म्हणून निघाला होता, घरी अजून सांगितलं नव्हतं. विजूताईंच्या टेबलापुढच्या स्टुलावर बसला. डबा मांडीवर धरला होता.

व्हिडिओ त्याला कंपनीत टॅबवर दाखवला होता. त्याने तिसऱ्या पाटीवर बोट ठेवलं होतं. पुढे एका दिवशी खरोखर गार्ड काढलेलं होतं आणि सुपरवायझर चालव म्हणाला. गांगुर्डे म्हणाला, चालवत नाही, व्हिडिओत तसंच सांगितलंय. उद्यापासून येऊ नको, असं उत्तर मिळालं. ठेकेदाराकडे गेला, तो म्हणाला कंपनीला विचार. गेटवर गेला, वॉचमन म्हणाला ठेकेदाराला विचार.

तो तक्रार करत नव्हता. त्याला काहीतरी समजत नव्हतं आणि ते तो विचारायला आला होता.

"ताई, मी तेच दाबलं व्हतं," तो म्हणाला. "टाळ्या वाजल्या व्हत्या."

हेमंत सर केबिनमधून बाहेर आले. त्यांनी ऐकलं होतं. "वाईट झालं," ते म्हणाले. "पण ताई, यात आपला काय संबंध? तो त्यांचा आतला प्रश्न आहे."

विजूताई उठल्या. मी अहिराणीची वाट बघत होतो. ती आली नाही.

"पाटी आपण लावली, सर," त्या म्हणाल्या. हळू, स्वच्छ मराठीत. "यांना उतरवलं आपण. आता हे तिथे उभे आहेत."

त्यांनी खडूंचा डबा पिशवीत टाकला, गांगुर्डेला म्हणाल्या, "डबा खाऊन घ्या, मग निघू," आणि तो जेवेपर्यंत खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग दोघं जिना उतरून गेले. टेबलावर त्यांचा कप राहिला, बोटांचे ठसे असलेला.

दुपारी मी स्कूटर काढली आणि अंबडच्या रस्त्याला लागलो. शिफ्ट बदलायची वेळ होती. गेटसमोर माणसं गोळा झाली होती, पण गेटला खेटून कोणी नव्हतं, सगळे कडेकडेने उभे. मधला सिमेंटचा रस्ता रिकामा होता आणि त्यावर खडूचा फाटा होता. गच्चीवर असायचा त्याच्या दुपटीने मोठा. तीन रस्ते, तीन पाट्या. पहिला आणि दुसरा थोड्या अंतरावर संपले होते. तिसरा सरळ गेटपर्यंत गेला होता आणि गेटच्या आडव्या दांड्याखाली थांबला होता. त्या टोकाला गांगुर्डे उभा होता, रिकामा डबा हातात घेऊन. 'शाब्बास' कुठेच लिहिलेलं नव्हतं. विजूताई फाट्यावर उभ्या होत्या.

वॉचमन म्हणत होता, "ताई, बाजूला व्हा, साहेबांची गाडी यायची वेळ झाली."

"त्यांचीच वाट बघतेय," त्या म्हणाल्या.

सुटलेले कामगार रेषांवर पाय न देता पाट्या वाचत होते. एकाने दुसऱ्याला काहीतरी सांगितलं, दुसऱ्याने मान हलवली. त्यांना सगळ्यांना तो फाटा माहीत होता.

पाटणकर साहेबांची गाडी आली आणि थांबली, कारण विजूताई हलल्या नाहीत. काच खाली झाली. विजूताईंनी बॉनेटवर हात ठेवला, तिथे पांढरा पंजा उमटला.

"मॅडम, ही काय पद्धत झाली? आत या, बोलू."

"यांना आत घेत नाहीत, साहेब. यांचा रस्ता इथे संपतो. नाव सांगा."

"कोणाचं नाव?"

"नकार दिल्यावर ज्याच्याकडे जायचं त्याचं."

मागे दुसऱ्या शिफ्टची बस येऊन उभी राहिली, तिच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. साहेबांनी बसकडे बघितलं, कडेच्या माणसांकडे बघितलं. त्यांच्यातलं कोणी ओरडत नव्हतं, सगळे फक्त उत्तर ऐकायला थांबले होते. साहेबांचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"माझं," ते म्हणाले. "माझ्याकडे यायचं. झालं समाधान?"

"मोठ्याने सांगा. त्यांना ऐकू आलं नाही."

"पाटणकर," साहेब ओरडले. "मला येऊन भेटायचं."

विजूताईंनी गाडीपुढून बाजूला होऊन गांगुर्डेला हाताने खूण केली. वॉचमनने दांडा वर केला. गाडी आत गेली आणि तिच्या मागोमाग गांगुर्डे गेला, डबा छातीशी धरून.

त्याला परत घेतलं. प्रेसवर नाही, पॅकिंगला. त्याच्या जागी प्रेसवर कोण आलं आणि गार्ड लागलं की नाही, ते मला माहीत नाही. व्हिडिओ तसाच आहे, टाळ्या अजून वाजतात. हेमंत सरांनी आता गच्चीवर सोलर पॅनेल बसवले आहेत, नकाशे कॉम्प्युटरवरच होतात आणि लवकर होतात. विजूताई पुन्हा ऑफिसात आल्या नाहीत. सटाण्याकडे गेल्या असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं इथेच आहेत. फोन उचलत नाहीत. मलाही त्यांनी माफ केलेलं नसावं, स्क्रिप्ट माझीच होती, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच दुपारी, स्कूटर वळवताना. तिसऱ्या रस्त्याच्या टोकाला, गेटच्या बरोबर पुढे, त्यांनी रस्ताभर रुंद अक्षरात पाटणकरांचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या शिफ्टची माणसं बसमधून उतरून त्यावरून आत जात होती, त्यांच्या चपलांनी अक्षरं पुसत चालली होती. विजूताई पदर खोचून खाली बसल्या होत्या आणि एकेक माणूस पुढे गेला की ते नाव पुन्हा गिरवत होत्या.